फॅक्सिमिली आवृत्त्या: जुन्या कॉमिक्समधल्या प्रकाशकांच्या जाहिरातींसाठी घ्याव्यात का?

मार्व्हल आणि डीसी या दोन्ही अमेरिकी प्रकाशकांनी गेल्या काही वर्षांत ‘फॅक्सिमिली एडिशन’ या नावाने आपले जुने अंक पुन्हा छापायला घेतले आहेत. जुन्या कथा पुन्हा छापण्यात नवीन काही नाही, ते काम दोघंही कित्येक दशकं करत आले आहेत. या आवृत्त्यांचं वेगळेपण एवढंच, की अंक पहिल्या कव्हरपासून चौथ्या कव्हरपर्यंत सगळाच्या सगळा येतो. वाचकांची पत्रं येतात, खेळण्यांच्या आणि व्यायामाच्या कोर्सच्या जाहिराती येतात आणि त्यांच्यासोबत प्रकाशकाच्या स्वतःच्या जाहिरातीही येतात. पुढच्या महिन्यात कोणता अंक येतोय, कोणता नवा नायक अवतरतोय, क्लबचं सभासदत्व कसं घ्यायचं, हे सांगणारी ती पानं. कॉमिक्सवाले त्यांना ‘हाउस ॲड’ म्हणतात. हे परीक्षण फक्त त्या पानांच्या दृष्टीने केलेलं आहे. कथा कशी आहे हे इतरत्र भरपूर वाचायला मिळेल.

हाउस ॲड अंकात कुठे बसते हे आधी समजून घ्यावं, म्हणजे इतर पुनर्मुद्रणांतून ती का गळते तेही कळतं. नेहमीचा अंक आतल्या 32 पानांचा, वर कव्हरची 4 पानं. त्यातली कथेची पानं दशकागणिक कमी होत गेली. 1960 च्या दशकात मार्व्हलची कथा साधारण 20 पानांची असे, 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बऱ्याच अंकांत 17 वर आली. उरलेल्या जागेत विकत गेलेल्या जाहिराती आणि पत्रं. जी जागा विकली गेली नाही ती प्रकाशक स्वतःसाठी वापरत असे. डीसीच्या 1950-60 च्या अंकांत तर कथेचं शेवटचं पान बऱ्याचदा वरच्या दोन तृतीयांशातच संपतं आणि खालच्या पट्टीत दुसऱ्या अंकाची जाहिरात असते. त्याच कथेचं पुढे जाड पुस्तक निघतं तेव्हा ही पट्टी कापली जाते. मग खाली पांढरी जागा तरी राहते, नाहीतर चौकटी पुन्हा मांडाव्या लागतात. चित्रकाराने पानाचा तोल त्या पट्टीसकट धरलेला होता, हे अशा वेळी स्पष्ट दिसतं. फॅक्सिमिलीत पट्टी जागच्या जागी असते, आणि त्यासाठी 2019 च्या सुमाराची 3.99 डॉलर ही किंमत अगदी रास्त होती. जाड अंकांना अर्थातच जास्त पडतात.

छपाईबद्दल मात्र तक्रार आहे. मूळ अंक न्यूजप्रिंटवर लेटरप्रेसने छापलेले. निळा, लाल आणि पिवळा या तीन शाया प्रत्येकी तीन-चार ठरावीक छटांत, आणि काळा. एवढ्यातूनच सगळे रंग काढायचे. कागद शाई पिऊन घेत असे, त्यामुळे ठिपके थोडे फुगत आणि रंग मऊ दिसत. फॅक्सिमिली आजच्या पांढऱ्या कागदावर येते. तिथे तोच पिवळा डोळ्यात खुपतो आणि लाल भडक होतो. अनेक अंकांत कथेची पानं नव्याने साफ करून रंगवलेली असतात, तर जाहिरातीची पानं जुन्या प्रतीवरून थेट स्कॅन केलेली. पान उलटलं की हा फरक लगेच जाणवतो: डावीकडे लखलखीत रेषा, उजवीकडे किंचित धूसर अक्षरं आणि मागच्या पानाची पुसटशी सावली. हाउस ॲडमध्ये हे जास्त खटकतं, कारण तिथे पूर्ण मुखपृष्ठ दीड-दोन इंचांत आणलेलं असतं. आधीच ठिपक्यांत छापलेल्या चित्रावर स्कॅनरची जाळी बसली की जाळीवर जाळी येऊन लाटांसारखे पट्टे उमटतात. घेण्याआधी अंक उघडून अशी दोन-तीन छोटी मुखपृष्ठं बघावीत. तिथे पट्टे नसतील तर बाकीचं काम चांगलं असणार.

मापातही फरक आहे. 1930-40 च्या दशकातला अंक सुमारे पावणेआठ इंच रुंद असे, आजचा सव्वासहा आणि पावणेसात इंचांच्या मध्ये बसतो. त्या काळातला अंक आजच्या मापात आणला की जाहिरातीतली बारीक अक्षरं, म्हणजे कूपनावरच्या अटी, क्लबचे नियम, पत्ता, वाचायला भिंग लागतं. नेमकी उलट सोय डीसीच्या 1974 पासूनच्या ‘फेमस फर्स्ट एडिशन’ या मोठ्या आकाराच्या मालिकेत आहे. साधारण 10 बाय साडेतेरा इंचांचे हे अंक जाहिरातींसकट छापलेले आहेत, आणि ती पानं इतकी मोठी कुठेच मिळत नाहीत. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात (जून 1938) वाचकांना ‘चक डॉसन’ या कथेचं पहिलं पान रंगवून, फाडून पाठवायला सांगितलं आहे, 25 जणांना प्रत्येकी एक डॉलर बक्षीस. त्या सूचना नीट वाचायच्या असतील तर ही आवृत्ती बघावी. एक सावधगिरी: हिच्या जाड बाहेरच्या कव्हराच्या आत मूळ मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल आहे. बाहेरचं कव्हर काढून टाकून आतला अंक अस्सल म्हणून खपवण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चालत आले आहेत. फूटपट्टी लावली की लगेच उघड होतं, अस्सल अंक एवढा मोठा नसतोच.

फॅक्सिमिलींमध्ये एकच घ्यायची असेल तर ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक 15 घ्यावी. ऑगस्ट 1962 चा हा अंक स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेसाठी सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात संपादकांनी वाचकांना उद्देशून लिहिलेला एक मजकूरही आहे. मासिकाच्या नावातला ‘ॲडल्ट’ हा शब्द का काढला ते त्यात सांगितलं आहे आणि हा नवा नायक यापुढे दर महिन्याला इथेच भेटेल असं आश्वासन दिलं आहे. प्रत्यक्षात मासिक त्याच अंकाने बंद झालं. स्पायडर-मॅन परत आला तो मार्च 1963 ची तारीख असलेल्या स्वतःच्या नव्या मासिकात. कथा वाचून झाल्यावर हे आश्वासन त्याच अंकात, त्याच जागी वाचलं की 1962 मधला वाचक कुठे उभा होता ते कळतं. त्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं आणि प्रकाशकालाही नव्हतं. कथांच्या साध्या संग्रहांत हा मजकूर बहुधा नसतो. मूळ प्रत तर आवाक्याबाहेर गेली आहे. 2021 मध्ये लिलावात एक उत्तम प्रत 36 लाख डॉलरला गेली.

‘इनक्रेडिबल हल्क’ क्रमांक 181 (नोव्हेंबर 1974) ही दुसरी शिफारस, आणि इथे थोडं थांबायला हवं. 1974 मध्ये मार्व्हलने ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ची योजना आणली. अंकाच्या पत्रांच्या पानावर एक छोटं रंगीत चित्र छापलेलं, ते कापायचं आणि वेगळ्या मागवलेल्या वहीत चिकटवायचं. पहिल्या मालिकेत असे 100 स्टॅम्प होते. ही सरळसरळ प्रकाशकाची जाहिरात होती: संच पुरा करायचा तर मार्व्हलचे सगळे अंक घ्या. मुलांनी कात्री चालवली, आणि आज त्या अंकांची किंमत त्या एका चौकोनावर ठरते. 181 मध्ये वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण कथेत आला. त्या अंकात 54 नंबरचा शॅना द शी-डेव्हिलचा स्टॅम्प आहे. तो नसला तर बाकी अंक कितीही कोरा असो, प्रतवारीत एकदम खाली जातो. वरून बघून हे कळत नाही, पत्रांचं पान उघडायलाच लागतं.

दुसऱ्या अंकातून किंवा पुनर्मुद्रणातून कापलेला स्टॅम्प मूळ अंकाच्या भोकात बसवण्याची लबाडीही होते. ती पकडायला तीन गोष्टी बघाव्यात. स्टॅम्पच्या कडेवरून बोट फिरवून कापल्याची रेघ लागते का. पानाच्या मागच्या बाजूला मजकूर आणि रेषा त्या जागी अखंड चालू राहतात का. आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पान धरलं तर तो चौकोन वेगळा चमकतो का. आजच्या पांढऱ्या कागदात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं निळसर चमकतात, पन्नास वर्षांपूर्वीचं न्यूजप्रिंट मंदच राहतं. फॅक्सिमिली हातात असली तर मागच्या बाजूला नेमकं काय असायला हवं ते ताडून बघता येतं. हा तिचा एक उपयोग फारसं कोणी सांगत नाही.

इतकं असूनही या आवृत्त्यांत एक उणीव आहे, आणि ती छपाई सुधारून भरून निघणारी नाही. पुन्हा छापायला अंक निवडले जातात ते प्रसिद्धीवरून: कुणाची पहिली कथा, कुणाचा मृत्यू, कुठलं गाजलेलं मुखपृष्ठ. पण गाजलेल्या अंकाची जाहिरात त्या अंकात कधीच नसते. ती आदल्या महिन्याच्या शेजारच्या, साध्यासुध्या मासिकात असते. ‘ॲक्शन कॉमिक्स’ येत असल्याची वर्दी 1938 मध्ये त्याच प्रकाशकाच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ आणि ‘मोअर फन कॉमिक्स’मध्ये दिली गेली. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरचं गाडी उचललेल्या सुपरमॅनचं ते चित्र वाचकांनी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे, कृष्णधवल. चित्रकार जॅक कर्बी मार्व्हल सोडून 1970 मध्ये डीसीत आला तेव्हा त्याच्या आगमनाच्या जाहिराती त्या वर्षीच्या डीसीच्या नेहमीच्या अंकांत विखुरलेल्या आहेत. एका जाहिरातीत तर नाव न घेता नुसतं ‘तो थोर माणूस येतोय’ एवढंच म्हटलं आहे. त्या अंकांच्या फॅक्सिमिली निघतील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. म्हणून हाउस ॲडसाठी खरा पैसा घालावा तो मूळ, वाचून झिजलेल्या, स्वस्त प्रतींवर.

डीसीच्या 1950-60 च्या दशकांतल्या प्रती घ्यायला लागलात की एक हात ओळखीचा व्हायला लागतो. तो आयरा श्नॅप यांचा. जन्म 1894, निधन 1969. 1968 पर्यंत डीसीच्या बहुतेक हाउस ॲड आणि कितीतरी मासिकांची शीर्षकं त्यांनी हाताने लिहिली. मजकूर मुलांसाठी योग्य असल्याचं सांगणारा मुखपृष्ठावरचा ‘कॉमिक्स कोड’चा शिक्काही त्यांचाच मानला जातो. त्यांची एखादी पाव पानाची जाहिरात भिंगाखाली धरावी. वरचा मोठा शब्द जाड, गोलाईदार, आत पांढरी चकाकी सोडलेला. मधली ओळ तिरकी आणि बारीक. विक्रीची तारीख स्वतंत्र पट्टीत. चार आकारांची अक्षरं आणि दोन मुखपृष्ठं एवढ्याशा जागेत, तरी काही गुदमरत नाही. ‘एस’च्या वळणाची जाडी प्रत्येक वेळी केसभर वेगळी असते, त्यावरूनच हे छापाचे टाइप नाहीत हे कळतं. 1968 नंतर गॅस्पर सालादिनो यांचा हात दिसायला लागतो: जास्त टोकदार, जास्त धावता, ब्रशचा जोर दाखवणारा. दोन्ही देखणे आहेत, पण शांतपणे बघत बसावं असे श्नॅपच.

स्वस्तात सर्वाधिक काही मिळवायचं असेल तर 1978 च्या उन्हाळ्यातले डीसीचे अंक शोधावेत. सप्टेंबर ते नोव्हेंबर 1978 च्या तारखांचे हे अंक 50 सेंटचे आणि 44 पानी होते, कथेची पानं 17 वरून 25 केलेली. या विस्ताराला प्रकाशकाने ‘डीसी एक्स्प्लोजन’ म्हटलं आणि त्याच्या जाहिराती जोरात केल्या. त्या छापून बाहेर पडत असतानाच वरून कपातीचा हुकूम आला. अंक पुन्हा 32 पानी झाले, किंमत 40 सेंट झाली, आणि डझनावारी मासिकं बंद झाली. काही तर निघण्याआधीच. ‘व्हिक्सन’ हे त्यातलं सगळ्यात चटका लावणारं नाव. कृष्णवर्णीय नायिकेच्या नावाने निघणारं डीसीचं ते पहिलं सुपरहिरो मासिक ठरलं असतं. जाहिरात झाली, पहिला अंक तयारही होता, पण दुकानात आला नाही. ती कथा ‘कॅन्सल्ड कॉमिक कॅव्हलकेड’ या हक्क नोंदवण्यापुरत्या काढलेल्या झेरॉक्स संग्रहात राहिली, त्याच्या अवघ्या 35 प्रती निघाल्या. व्हिक्सन वाचकांसमोर आली ती 1981 मध्ये, ‘ॲक्शन कॉमिक्स’ 521 मध्ये. त्या उन्हाळ्यातल्या जाहिराती म्हणजे न निघालेल्या मासिकांचा छापील पुरावा आहे, आणि ते अंक आजही कोणी फारसं विचारत नसल्याने महाग नाहीत.

हवी ती जाहिरात कोणत्या अंकात आहे हे शोधायला ग्रँड कॉमिक्स डेटाबेस ही मोफत सेवा वापरावी. स्वयंसेवकांनी अंकाच्या आतल्या घटकांची नोंद केलेली असते, आणि प्रकाशकाच्या जाहिरातीसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. तपशीलवार शोधात तो प्रकार, प्रकाशक आणि वर्ष निवडलं की यादी येते. सगळ्या अंकांची नोंद पूर्ण नाही, म्हणून यादीत नाही म्हणजे जाहिरातच नाही असं समजू नये. अशा वेळी तारखेवरून जावं. मुखपृष्ठावरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या दोन-तीन महिने पुढचा असे, त्यामुळे एखाद्या अंकाची जाहिरात साधारणपणे त्याच छापील महिन्याच्या किंवा एक महिना आधीच्या अंकांत सापडते. ‘माइक्स अमेझिंग वर्ल्ड ऑफ कॉमिक्स’ या संकेतस्थळावर विक्रीच्या महिन्यानुसार सगळी मुखपृष्ठं एकत्र बघता येतात. जाहिरातीत फक्त दिवस आणि महिना असतो, वर्ष नसतं, तेव्हा तिथे फार उपयोग होतो. जाहिरातीतलं मुखपृष्ठ आणि प्रत्यक्ष निघालेलं मुखपृष्ठ जुळत नसेल तर गोंधळून जाऊ नये. जाहिरात आधी छापायला जायची, मुखपृष्ठ नंतरही बदलायचं. असे फरक टिपणं हा या छंदातला फार मोठा आनंद आहे.

झिजलेली प्रत घेताना मुखपृष्ठाच्या सुरकुत्यांकडे दुर्लक्ष करा आणि आतली पानं मोजा. नेहमीच्या अंकात कव्हर सोडून 32 असलीच पाहिजेत, पिना बरोबर 16 आणि 17 च्या मध्ये. कूपन कापलेलं असेल तर विक्रेता ते सांगेलच असं नाही. सभासदत्वाच्या जाहिराती तर कापण्यासाठीच होत्या: 1939 चा ‘सुपरमेन ऑफ अमेरिका’ क्लब असो, की एक डॉलर घेऊन बिल्ला, ओळखपत्र आणि ध्वनिमुद्रिका पाठवणारी 1965 ची मार्व्हलची ‘मेरी मार्व्हल मार्चिंग सोसायटी’. जोडपुरवणी असलेले अंक आणखी बारकाईने बघावे लागतात. ‘डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स’ 26 (ऑक्टोबर 1980) च्या मधोमध 16 पानांची मोफत पुरवणी आहे. पुढच्या महिन्यात येणाऱ्या ‘न्यू टीन टायटन्स’ची जाहिरात म्हणून दिलेल्या त्या कथेत सायबॉर्ग, रेव्हन आणि स्टारफायर पहिल्यांदा दिसतात. आज अंकाला मागणी आहे ती या पुरवणीमुळेच. ती पिनांमधून ओढून काढलेली असेल तर मधल्या पानांची भोकं ताणलेली दिसतात. 1960 च्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांत उजव्या कडेचे बारीक तुकडे उडालेले असतात. बोथट पात्याने कापल्यामुळे ते छापखान्यातच झालं, वाचकाच्या हातून नाही. आतली जाहिरात शाबूत असेल तर अशी प्रत बेलाशक घ्यावी.

डिजिटल सेवांकडून या बाबतीत फार आशा ठेवू नये. मार्व्हल अनलिमिटेड आणि डीसी युनिव्हर्स इन्फिनिट कथा वाचायला उत्तम आहेत, पण जुन्या अंकांतल्या जाहिराती त्यात बहुतेक ठिकाणी नाहीत. 2000 च्या दशकात जीआयटी कॉर्प या कंपनीने मार्व्हलच्या मासिकांच्या डिस्क काढल्या होत्या. त्यात मूळ अंकांचं पानन् पान, जाहिराती आणि पत्रांसकट, पीडीएफमध्ये आहे. उत्पादन बंद झालंय, पण जुन्या बाजारात डिस्क दिसली तर सोडू नये. स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या अंकांसाठी डिजिटल कॉमिक म्युझियम आहे. फॉसेट, क्वालिटी, फिक्शन हाउस या जुन्या प्रकाशकांचे पूर्ण स्कॅन तिथे मोफत उतरवता येतात, फक्त खातं उघडावं लागतं. मार्व्हलची ऑम्निबस पुस्तकं, म्हणजे अनेक अंकांचे जाडजूड संग्रह, ही मधली वाट. पत्रांची आणि ‘बुलपेन बुलेटिन्स’ या मार्व्हलच्या बातम्यांच्या सदराची पानं बऱ्याच खंडांत असतात, पण साध्या हाउस ॲडची खात्री नाही.

मूळ पान स्वतः स्कॅन करायचं असेल तर पानाच्या मागे काळा जाड कागद ठेवा, म्हणजे पाठच्या बाजूची छपाई उमटत नाही. रिझोल्यूशन 600 डीपीआय ठेवा आणि ठिपके पुसणारी सोय बंद करा, नाहीतर श्नॅपच्या अक्षरांच्या कडा वितळतात. अंक काचेवर सपाट दाबू नका. एक बाजू काचेच्या कडेवरून खाली सोडून पान काटकोनात धरलं की कण्यावर ताण येत नाही. पिना गंजलेल्या असतील तर त्या ओढू नका, त्यांच्याभोवतीचा कागद सगळ्यात आधी तुटतो. काम झालं की अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि उजेडापासून लांब. न्यूजप्रिंट कडेकडून तपकिरी होत आत सरकतं, आणि खालच्या पट्टीतल्या जाहिराती नेमक्या त्या कडेलाच असतात.